उत्तरेची खिडकी

“टोपी ठेवू का काढू?” खुर्चीत टेकता टेकता आजोबांनी विचारलं.

जानेवारी होता. वाळवा तालुक्यात ऊस आणि हळद करण्यात आयुष्य गेलेले हे आजोबा जर्सी सिटीत, जर्नल स्क्वेअरजवळच्या एका इमारतीत नवव्या मजल्यावर, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते. रात्रभर बर्फ पडला होता. समोरच्या बुटक्या इमारतीची गच्ची पांढरीशुभ्र झाली होती आणि तिच्यावरून उसळलेला उजेड आजोबांच्या चेहऱ्यावर खालून पडत होता. एरवी हनुवटीखाली, नाकाखाली, भुवयांखाली जिथे सावली असते, तिथे थंड निळसर उजेड. असा चेहरा मी कोल्हापुरात कधी पाहिला नव्हता.

“आजोबा, घरी कसे बसता तसेच बसा.”

“मग टोपी असणारच की,” म्हणत त्यांनी ती दोन्ही हातांनी नीट बसवली.

पहिला तासभर मी पांढऱ्या रंगाला हात लावला नाही. घरात बसलेल्या माणसाची पांढरी टोपी पांढरी नसते. खिडकीकडच्या कडेला ती निळसर होती, कपाळाजवळ तिने कातडीचा तांबूसपणा उचलला होता, मागच्या बाजूला ती चक्क मातकट होती. शुद्ध पांढऱ्याचा एकच ठिपका तिला लागणार होता आणि तो शेवटी. एवढी गोष्ट डोळ्याला कळायला मला दहा वर्षं लागली. ती दहा वर्षं दोन गावांत गेली, म्हणून दोन्ही गावांबद्दल लिहिते आहे.

कोल्हापुरात माझ्या वडिलांचं फोटो फ्रेमचं दुकान आहे. शाळा सुटल्यावर मी तिथे काचा पुसायला बसायचे. लग्नाचे फोटो यायचे, देवांच्या तसबिरी यायच्या, आणि मधूनमधून कुणीतरी घाईघाईने एक लहानसा फोटो घेऊन यायचं. लग्नातल्या घोळक्यातून कापलेला, नाहीतर मतदार ओळखपत्राची झेरॉक्स. “मोठा करून द्या, उद्या दहावा आहे.” पप्पा तो वाढवून आणायचे. वाढवलेला चेहरा पसरट दिसायचा, डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग. तरी तो बघून समोरचा माणूस रडायचा. जिवंतपणी ज्याच्याकडे कुणी दहा मिनिटं नीट बघितलं नाही, त्याला गेल्यावर सागवानी चौकट मिळायची. पप्पा यावर कधी बोलले नाहीत. मला मात्र ते टोचत राहिलं आणि मी व्यक्तिचित्राकडे वळले त्याचं मूळ तिथे असावं.

चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षा झाल्या, मग कलाशाळेत गेले. आमच्या सरांचा एक हट्ट होता. माणूस समोर बसल्याशिवाय रंगपेटी उघडायची नाही. फोटोवरून काम करणारी मुलं गावात चांगले पैसे मिळवत होती, नेत्यांची आणि महाराजांची मोठमोठी चित्रं करत होती. सर त्यांना नावं ठेवत नसत, पण वर्गात फोटो आणू देत नसत. ते स्वतः बाहेर जाऊन माणसं आणायचे. भाजीवाली मावशी, रिक्षावाले काका, तालमीतले वस्ताद. चहा आणि शंभर रुपये. पैलवानाचा मोडलेला कान हा आमच्याकडचा खास अभ्यास होता. तो नेहमीच्या कानासारखा काढून चालत नाही, मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा आतून भरलेला असतो. माहीत असलेलं काढू नकोस, दिसतंय ते काढ, हा धडा मी त्या कानावर शिकले.

“डोळे किलकिले कर,” सर सतत म्हणायचे. डोळे किलकिले केले की पापण्या, सुरकुत्या, बटणं नाहीशी होतात आणि सावलीचे मोठे तुकडे उरतात. तेवढे तुकडे जागेवर बसले की माणूस ओळखू येतो. बाकीचं नंतर. रंगांचाही क्रम ठरलेला होता. आधी मातीचे रंग: यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना, अंबर. वर्षभर तेवढ्यावरच. कॅडमियमची महाग ट्यूब दुसऱ्या वर्षी.

कोल्हापूरच्या मुलाला परंपरा बाहेरून आणावी लागत नाही. शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार आबालाल रहिमान इथले. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता स्वतःचा कॅमेरा तयार करून सिनेमा काढणारे बाबूराव पेंटर इथले, आणि त्यांनी केलेली व्यक्तिचित्रं बघितली की कुंचला किती मोकळेपणाने फिरू शकतो ते समजतं. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे पहिले भारतीय संचालक झालेले धुरंधर जन्माने इथलेच. टाऊन हॉलच्या संग्रहालयात सर आम्हाला न्यायचे. एकदा सगळ्यांनी वर्गणी काढून औंधला गेलो होतो. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या त्या संग्रहालयात रविवर्म्याच्या चित्रासमोर आणि तिथून काही पावलांवर हेन्री मूरच्या दगडी माय-लेकरासमोर आम्ही सगळे गप्प उभे होतो. डोंगराखालच्या एका गावात हे दोन्ही असावं, याचं मला आजही नवल वाटतं.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, निदान कॅलेंडरवर. बरेच जण ते रविवर्म्याचं समजतात. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी हळदणकरांची मुलगी गीता हातात दिवा घेऊन उभी राहिली होती. त्या गीताबाई उपळेकर कोल्हापुरातच राहायच्या आणि २०१८ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. मी त्याच गावात चित्रकला शिकत होते. चार-पाच वर्षांत एकदाही त्यांच्या दारात गेले नाही. चित्रकार कसा बघतो हे सांगणारे खूप असतात. चित्रकाराने आपल्याकडे बघितलं तेव्हा कसं वाटलं, हात किती भरून आला, वडील मधे काय बोलत होते, हे सांगू शकणारी बाई माझ्या गावात होती. मी जायला हवं होतं.

लग्न झालं आणि मी न्यू जर्सीला आले. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला शिकता येतं, कमावता येत नाही. २०१५ पासून अशा काही जणांना, जोडीदाराचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झाला असेल तर, कामाचा परवाना मिळतो. आमचा अर्ज तिथे पोचायला वेळ होता. पहिला हिवाळा मी खिडकीत बसून काढला. ईझल नव्हतं. इस्त्रीच्या टेबलावर कागद लावून स्वतःचाच चेहरा आरशात बघून काढत होते.

नवऱ्यानेच आर्ट स्टुडंट्स लीगचा पत्ता शोधला. मॅनहॅटनमध्ये ५७ व्या रस्त्यावर, कार्नेगी हॉलपासून थोडं पुढे. १८७५ साली विद्यार्थ्यांनीच पुढाकार घेऊन ही संस्था उभी केली आणि १८९२ पासून ती त्याच इमारतीत आहे. तिथे पदवीच्या मागे लागायचं नसतं, गुणपत्रिका नसते. शिक्षक निवडायचा, महिन्याचे पैसे भरायचे आणि कामाला लागायचं. जे. जे. किंवा आमच्या कलाशाळेच्या मानाने हे फारच मोकळं वाटलं. पण मोकळेपणाला शिस्त होती. मॉडेल वीस मिनिटं बसणार, मग पाच मिनिटं सुट्टी, पुन्हा वीस मिनिटं. मॉडेलच्या पायाभोवती, कोपराभोवती टेपच्या खुणा, म्हणजे सुट्टीनंतर माणूस तसाच्या तसा परत बसेल. एक पोझ दोन-दोन आठवडे चालायची. आमच्या वर्गात शिक्षक आठवड्यातून दोनदा यायचे. प्रत्येकाच्या ईझलमागे पाच-सात मिनिटं थांबायचे. माझ्यामागे ते पहिल्यांदा थांबले तेव्हा एकच शब्द बोलले आणि स्वतःचे डोळे बारीक करून दाखवले.

मला सरच दिसले. तेरा हजार किलोमीटर दूर येऊन तीच सूचना, तीच खूण. नंतर शांतपणे विचार केल्यावर त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं. १८५७ साली मुंबईत जे. जे. सुरू झालं तेव्हापासून युरोपातली चित्रशिक्षणाची पद्धत आपल्याकडे रुजत गेली, तिथून शिकलेले मास्तर कोल्हापूर, सांगली, बेळगावपर्यंत पोचले. तीच पद्धत पॅरिसमध्ये शिकलेल्या अमेरिकन चित्रकारांनी न्यू यॉर्कला आणली. एकाच विहिरीचं पाणी दोन पाटांनी दोन शेतांत गेलं होतं. रविवर्म्याची दहा चित्रं १८९३ सालीच शिकागोच्या प्रदर्शनात लागली होती आणि त्यांना पदकं मिळाली होती. आमच्या काळात वासुदेव कामतांना २००६ साली अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर ग्रँड प्राइझ मिळाला, तोही स्वतःच्या पत्नीच्या चित्रासाठी. त्या चित्राचा प्रिंट सरांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला होता. तेव्हा मी कुठल्या परक्या वर्गात आले नव्हते.

लीगच्या संग्रहात जॉर्जिया ओकीफ या चित्रकर्तीचं तरुणपणीचं व्यक्तिचित्र आहे. १९०८ साली ती तिथे शिकत होती. युजीन स्पायकर या वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याने तिला चित्रासाठी बसायला गळ घातली. ती तयार होईना, तेव्हा तो म्हणाला की तुझ्या वर्ग बुडण्याने काही बिघडत नाही, मोठा चित्रकार मीच होणार आहे, तू कुठल्यातरी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवशील. हे तिनेच पुढे सांगितलेलं आहे. आज स्पायकरचं नाव चित्रकारांपलीकडे फारसं कुणाला माहीत नाही. चित्र मात्र छान आहे, हेही सांगायला हवं. ज्या मुलीला तो असं बोलला, तिच्याकडे बघताना त्याचा डोळा खोटं बोलला नाही.

शनिवारी मी मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, म्हणजे मेटमध्ये, जायचे. न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि कनेक्टिकटच्या विद्यार्थ्यांना तिथे जमेल तेवढे पैसे देऊन आत जाता येतं, हा माझ्यासारख्या बिनकमाईच्या माणसावर मोठा उपकार आहे. पेन्सिल आणि वही घेऊन चित्रासमोर कितीही वेळ उभं राहा, कुणी हटकत नाही. मी आधी अर्थातच सार्जंट या चित्रकाराकडे धावले. सरांकडे त्याचं एक जुनं पुस्तक होतं आणि त्यातल्या रंगीत पानांच्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर आमची अख्खी पिढी वाढली. त्याच्या खऱ्या ‘मादाम एक्स’ या चित्रासमोर उभी राहिले तेव्हा पहिलं लक्षात आलं की त्या बाईचा कान गुलाबी आहे. झेरॉक्समध्ये तो कधीच दिसला नव्हता. फिकट, जवळजवळ जांभळट पावडर लावलेल्या कातडीत तेवढा कान जिवंत रक्ताचा.

सार्जंटची काम करण्याची रीत मला घरी फार उपयोगी पडली. तो कॅनव्हास माणसाच्या शेजारी उभा करायचा, लांब मागे जाऊन दोन्हीकडे एका नजरेत बघायचा, रंग तयार करायचा, चालत येऊन एक फटकारा मारायचा आणि परत मागे. चुकलं तर डोकंच्या डोकं खरवडून काढायचा आणि पुन्हा सुरू. आमच्या एका खोलीच्या घरात खिडकीपासून फ्रीजपर्यंत नऊ पावलं होतात. मी फ्रीजला पाठ टेकवून बघते आणि नऊ पावलं चालून येते. दिवसाला किती फेऱ्या होतात ते मी मोजलेलं नाही, पण लाकडी फरशीवर वाट पडली आहे.

बॉस्टनला एकदाच गेले, बसने, फक्त सार्जंटच्या बॉइट मुलींसाठी. १८८२ सालचं ते चित्र, चार बहिणी, साधारण सव्वादोन मीटर चौरस. चित्रात दोन प्रचंड जपानी फुलदाण्या आहेत आणि संग्रहालयाने त्याच खऱ्या फुलदाण्या चित्राच्या दोन बाजूंना उभ्या केल्या आहेत. मी चित्राकडून फुलदाणीकडे, फुलदाणीकडून चित्राकडे अशी दीड-दोन तास बघत होते. खऱ्या फुलदाणीवर नक्षी मोजता येते. चित्रातल्या फुलदाणीवर जवळ गेलं तर चार निळे फराटे. आणि तरी चित्रातली अधिक खरी वाटते, कारण ती त्या खोलीतल्या त्या दुपारच्या अंधारात उभी आहे. थोरल्या दोघी मुली जवळजवळ सावलीत आहेत, एकीचा चेहरा अर्धा दिसतच नाही. ऐपतदार आईबापांच्या मुलींच्या चित्रात मुलीचा चेहरा सावलीत ठेवायला छाती लागते.

पण सार्जंटपाशी माझी एक अडचण सुटेना. लीगमध्ये बहुतेक मॉडेल गोरे. वर्षभर मी त्यांच्या कातडीचे रंग मिसळायला शिकले आणि ते हाताला बसले. मग एका ओळखीच्या घरी नाशिकहून आलेल्या काकू चित्रासाठी बसल्या. गव्हाळाहून थोडा गडद वर्ण, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी वर्गातल्याच सवयीने रंग कालवले, फक्त थोडे गडद केले. तीन तासांनी काकूंच्या चेहऱ्यावर पीठ फासल्यासारखं दिसत होतं. काकू चांगल्या मनाच्या. म्हणाल्या, “गोरी केलीस गं मला.” त्यांना ते आवडलं होतं, आणि मला रात्री झोप लागली नाही.

दुकानात ‘फ्लेश टिंट’ नावाची ट्यूब मिळते, म्हणजे कातडीचा रंग. ती फिकट गुलाबी असते. मुलांच्या क्रेयॉनच्या डबीत याच नावाची कांडी होती, क्रेयोला कंपनीने १९६२ साली तिचं नाव बदलून पीच केलं. तेलरंगातलं नाव तसंच चालू राहिलं. कुणाची कातडी, हा प्रश्न ट्यूबवर छापलेला नसतो. मी कोल्हापुरातून तयार होऊन आले होते, सावळ्या माणसांतच वाढले होते, आणि एका वर्षात माझाच हात त्या ट्यूबसारखा झाला होता, हे मला फार लागलं.

उत्तर मेटमध्येच सापडलं, पण दुसऱ्या दालनात. वेलाझकेझ या चित्रकाराने १६५० साली रोममध्ये केलेलं हुआन दे पारेहाचं चित्र. पारेहा हा त्याच्याकडे काम करणारा गुलाम. वेलाझकेझने त्याचं चित्र केलं आणि त्याच वर्षी त्याच्या मुक्ततेच्या कागदावर सही केली. पुढे पारेहा स्वतः चित्रकार झाला. १९७० साली लंडनमधल्या लिलावात हे चित्र पंचावन्न लाख डॉलरच्या वर गेलं होतं. सावळा माणूस, राखाडी-हिरवट कपडे, पांढरी जाळीदार कॉलर. मी पाच-सहा शनिवार फक्त त्याच्या कपाळाचा अभ्यास केला. उजेडाचा ठिपका पांढरा नाही, थंड राखाडी आहे. उजेडातून सावलीत जाताना मधला पट्टा हिरवट होतो. आणि सावली काळी नाही, तापलेल्या मातीसारखी ऊबदार आहे. गोऱ्या कातडीवर रंग फिकट-गडद करत चेहरा उभा राहतो. सावळ्या कातडीवर तो थंड-ऊबदार करत उभा राहतो, कारण त्या कातडीवर आजूबाजूच्या उजेडाची चमक जास्त उठून दिसते. सरांना व्हॉट्सॲपवर हे सगळं लांबलचक लिहून पाठवलं. त्यांचा आवाजी निरोप आला: “अगं, म्हणून तर मातीचे रंग आधी म्हणत होतो.”

नाशिकच्या काकूंना मी पुन्हा बसायची विनंती केली. या वेळी बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, ऑकर आणि अगदी शेवटी पांढरा. त्यांनी ते चित्र बघितलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ही माझ्या आईसारखी दिसते.” मला एवढंच हवं होतं.

पुढे मला ॲलिस नील भेटली, म्हणजे तिची चित्रं. १९३८ पासून ती न्यू यॉर्कच्या स्पॅनिश हार्लेम भागात राहिली आणि शेजारीपाजारी, त्यांची मुलं, क्षयाने आजारी पडलेला ओळखीचा तरुण, असं जे जे दारात आलं त्याला घरातल्या खुर्चीत बसवून रंगवत गेली. अमूर्त चित्रांचा जमाना होता, व्यक्तिचित्र जुनाट समजलं जायचं. ती पन्नास-साठ वर्षांची होईपर्यंत फार कुणी विचारलं नाही. २०२१ साली मेटने तिचं मोठं प्रदर्शन भरवलं. तिचं रेखाटन माझ्या शिक्षणात बसत नाही, सार्जंटच्या शेजारी ते वेडंवाकडं वाटेल. पण घर हाच स्टुडिओ, शेजारी हेच मॉडेल, हे मी तिच्याकडून घेतलं.

कारण माझ्या इमारतीत मॉडेल होते. कुणाच्या लक्षात आले नव्हते इतकंच. इथल्या प्रत्येक मराठी घरात उन्हाळ्यात, बाळंतपणाला, कधी सगळ्या हिवाळाभर आई-वडील येतात. सकाळी आठला मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत. गाडी चालवता येत नाही, बाहेर थंडी, भाषेची अडचण. संध्याकाळी सहापर्यंत ही माणसं सोफ्यावर बसून असतात. साठ-सत्तर वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे रिकामा वेळ असतो आणि तो त्यांना खायला उठतो. मी एकेकाचं दार वाजवू लागले. “दोन तास बसाल का? चहा मी करते.”

पहिली वीस मिनिटं सगळे फोटोला बसल्यासारखे बसतात. मान ताठ, ओठ मिटलेले, हात गुडघ्यांवर. मी काही बोलत नाही, चौकट आणि डोक्याची जागा ठरवून घेते. स्वयंपाकघरातलं घड्याळ वाजलं की चहा. दुसऱ्या वीस मिनिटांत खांदे उतरतात. तिसऱ्या वेळी माणूस मी समोर आहे हे विसरतो आणि गावी जातो. कुणी विहिरीच्या वाटणीबद्दल बोलतं, कुणी १९७२ च्या दुष्काळातल्या सुकडीबद्दल, कुणी नवरा गिरणीत असतानाच्या संपाबद्दल. बोलताना तोंड हलतं, चित्रकाराला ते अडचणीचं. पण मी गप्प करत नाही. डोळे आधी करते, तोंड शेवटी.

साताऱ्याकडच्या एक आजी बसायला तयार झाल्या, पण हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. “मोकळं हात बरं दिसत न्हाईत गं पोरी, काहीतरी दे हातात.” मी मेथीची जुडी दिली. दोन तासांत त्यांनी ती निवडली आणि मला हवी तशी पोझ आपोआप मिळाली. निवडून झाली की मी काड्या पुन्हा पानांत मिसळून द्यायचे, त्या हसायच्या आणि पुन्हा निवडायच्या. त्या चित्रात चेहऱ्यापेक्षा हात जास्त बोलतात. आमच्या घरात बंद खिडक्यांमुळे टर्पेंटाइन वापरता येत नाही, म्हाताऱ्या माणसांना खोकला येतो. मी ब्रश अक्रोडाच्या तेलात धुते. आजींना तो वास आवडायचा.

कामाचा परवाना हातात आल्यावर पहिलं पैशांचं काम आलं ते मात्र फोटोवरून. एडिसनमधल्या एका घरातले वडील भारतात वारले होते. मुलाने पारपत्राचा फोटो पाठवला. मी सरांचा नियम मोडला आणि महिनाभर मन लावून काम केलं. नाक, कपाळ, चष्मा, सगळं मापात. चित्र द्यायला गेले तेव्हा त्यांची आई तिथे होती. बाईंनी चष्मा लावून नीट बघितलं. “चेहरा त्यांचाच आहे. पण ते असं बघत नसत.”

मी विचारलं, कसं बघायचे? त्या सांगू लागल्या. मान थोडी डावीकडे, उजव्या कानाने कमी ऐकू यायचं म्हणून. समोरचा बोलत असेल तर भुवई आधी वर जायची, मग हसू. हे पारपत्राच्या फोटोत नसणारच, तिथे मान सरळ ठेवायला सांगतात. मी चित्र परत आणलं आणि त्यांच्या धाकट्या भावाला, जे जवळच राहत होते, तीन रविवार मान डावीकडे करून खुर्चीत बसवलं. दुसरं चित्र बाईंना पटलं. पैसे मी एकाच चित्राचे घेतले. पप्पांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ थांबून म्हणाले की दुकानात येणाऱ्या लोकांना मी हे कधी विचारलंच नाही, ते कसे बघायचे म्हणून.

तेव्हापासून गेलेल्या माणसाचं चित्र मी शक्यतो घेत नाही. पैसे कमी मिळतात, हे मान्य. फोटोवरून करणाऱ्यांना मी कमी लेखत नाही, त्यांची घरं त्यावर चालतात आणि त्यांतल्या काहींचा हात माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे. पण मला काय येतं आणि काय येत नाही, ते मला आता कळलं आहे. समोर बसलेला माणूस मला येतो.

वाळव्याचे आजोबा चार वेळा बसले. चौथ्या दिवशी बर्फ वितळला होता, खालून येणारा निळा उजेड गेला होता, त्यामुळे हनुवटीचा भाग मी आठवणीवरूनच पुरा केला आणि तो थोडा कमजोर राहिला आहे. टोपीवर तो शेवटचा पांढरा ठिपका ठेवला आणि त्यांना बघायला बोलावलं. ते उभे राहिले, चष्मा पुसला, आधी टोपीकडे बघितलं, मग डोळ्यांकडे. “भाद्दर दिसतोय की,” म्हणाले. एप्रिलमध्ये ते परत गेले, उसाच्या तोडीचे पैसे यायचे होते. चित्र मुलाच्या जेवणाच्या टेबलासमोर आहे. नात जेवताना त्यांच्याकडे तोंड करून बसते.

तुमच्या घरी या वर्षी कुणाचे आई-वडील येणार असतील, तर त्यांना विचारा. चित्रकार ओळखीचा नसेल तर जवळच्या एखाद्या कलाशाळेत चौकशी करा, शिकणाऱ्या मुलांना बसायला माणूस नेहमीच हवा असतो. कोल्हापूर, सांगली, पुणे, नागपूर, कुठेही असाल तरी हेच. चित्र पहिल्या वेळी जमणार नाही, दुसऱ्यांदा बसवा. खुर्ची उत्तरेच्या खिडकीशी ठेवा, तिथला उजेड दिवसभर फारसा हलत नाही. आणि टोपी घालत असतील तर ती राहू द्या.